काटा खाली आला आणि मी खूश झालो

खंबाटकी घाटाचा माथा अजून दोन वळणं लांब होता आणि आमच्या मारुती ८००चा टेंपरेचरचा काटा लाल पट्टीला टेकला. मे २०२२, दुपारचा एक. गाडीत मी, ही, मुलगा आणि मागे पाण्याच्या दोन बाटल्या मांडीवर घेऊन बसलेले नाना. मी गिअर उतरवला, पाय हलका केला, काचा तर उघड्याच होत्या. मिनिटभरात काटा सरसर खाली आला, अगदी गाडी नुकतीच चालू केल्यासारखा. मी खूश. "बघा नाना, उतरला," असं म्हणालोसुद्धा.

नाना काही बोलले नाहीत. मुलगा म्हणाला, "बाबा, रबर जळल्याचा वास येतोय."

काटा ज्या सेन्सरवर चालतो त्याचं टोक इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात बुडालेलं असावं लागतं. पाणीच संपलं की ते टोक वाफेत किंवा हवेत लोंबकळतं, आणि हवा त्याला पाण्याइतकी उष्णता देत नाही. म्हणून काटा खाली येतो. इंजिन थंड झालेलं नसतं, काट्याला ते दिसेनासं झालेलं असतं. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. बॉनेटच्या फटीतून वाफ आली तेव्हा गाडी कडेला घेऊन बंद केली, इतकं एक शहाणपण नशिबाने सुचलं. आणखी दोन वळणं तशीच रेटली असती, तर इंजिनाचं ॲल्युमिनियमचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, वाकलं असतं आणि हे सगळं लिहायला गाडी उरली नसती.

मागून येणारा एक ट्रक थांबला. क्लीनरने न सांगता चाकाखाली दगड लावला आणि ड्रायव्हर लांबूनच ओरडला, "टोपणाला हात लावू नका हां!" मी फडकं घेऊन तेच करायला निघालो होतो. रेडिएटरचं, म्हणजे इंजिनाचं गरम पाणी वाऱ्यावर थंड करणाऱ्या जाळीचं, टोपण नुसतं झाकण नसतं, आतला दाब धरून ठेवणारा तो एक व्हॉल्व असतो. आमच्या टोपणावर ०.९ लिहिलंय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ०.९ किलो. तेवढा दाब असला की पाणी १०० अंशांवर उकळत नाही, ११८च्या आसपास उकळतं. टोपण उघडलं की दाब गेला, आणि ११० अंशांचं पाणी त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर. पाऊण तास झाडाखाली बसलो. मग नानांच्या बाटल्यांतलं पाणी थोडं थोडं ओतत, इंजिन चालू ठेवून भरलं आणि रांगत कोरेगावकडच्या आमच्या गावी पोचलो.

गाडी १९९८ची, कार्बोरेटरची, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. नानांनी नवी घेतलेली. ते एसटीतून निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांचं रोजचं काम म्हणजे सकाळी बॉनेट उघडून रेडिएटरशेजारच्या पाण्याच्या डबीत डोकावणं. डबीतलं पाणी खुणेवर दिसलं की त्यांचा दिवस बरा जाई. या डबीची गोष्ट पुढे येईल.

पुण्यात परत आल्यावर पहिल्या मिस्त्रीने गाडीकडे पाहून दहा मिनिटांत निकाल दिला : "व्हॉल्व काढून टाकतो. आपल्याकडच्या हवेत लागतच नाही तो." हा टोपणातला नव्हे; हा व्हॉल्व म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारा. काढला. शहरात काटा एकदम तळाला बसला, नाना समाधानी. फक्त सकाळी गाडी अर्धा किलोमीटर खोकत जायची आणि पेट्रोल जास्त खायला लागली. जूनमध्ये गावाकडे निघालो तर शिरवळच्या अलीकडेच काटा पुन्हा वर. दुसऱ्या मिस्त्रीने रेडिएटरचं टोपण आणि पंख्याचा स्विच बदलला. काही फरक नाही. तिसऱ्याने हात न लावता, नुसतं ऐकून सांगितलं की हेड गॅस्केट (हेडखालची पाणी-धूर अडवणारी पट्टी) गेलंय, हेड उतरवून लेथवर फेस मारून, म्हणजे सपाट करून, आणावं लागेल, आठ ते दहा हजार धरा.

त्यात एप्रिल २०२२पासून जुन्या गाडीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजार झाली होती आणि आमची पुढची तारीख २०२३ची. हिचं म्हणणं सरळ होतं : "अहो, द्या विकून." मी म्हटलं, हेड खोलण्याआधी एकदा स्वतः बघतो. माझी नोकरी हिशेबखात्यातली, इंजिनाशी संबंध नाही. पण खात्यात ताळा जुळत नसेल तर आम्ही रकमा बदलत बसत नाही, फरक कुठून सुरू झाला ते शोधतो. तिन्ही मिस्त्रींनी मला उत्तरं दिली होती. गाडी नेमकी कधी तापते, हे एकानेही विचारलं नव्हतं.

म्हणून आधी वही केली. आठवडाभर प्रत्येक फेरीनंतर लिहायचं : कुठे, किती वेग, काटा कुठे. वही वाचली आणि पहिलीच गोष्ट समोर आली. स्वारगेटच्या सिग्नलला वीस मिनिटं अडकलो तरी काटा हलत नाही. महामार्गावर सपाटीला ऐंशीने गेलं की पंधरा मिनिटांत चढायला लागतो, पन्नासवर आणलं की पुन्हा उतरतो. कात्रजच्या जुन्या घाटात दुसऱ्या गिअरला इंजिन ओरडत असतं तेव्हा सगळ्यात लवकर चढतो.

पंख्याचा दोष असता तर बरोबर उलटं झालं असतं. गाडी उभी असताना हवा फक्त पंखा देतो, म्हणून पंखा बिघडला की गाडी सिग्नलला तापते आणि पळायला लागली की थंड होते, कारण समोरून वारा लागतो. वारा भरपूर असतानाच गाडी तापत असेल तर पंख्याला कशाला दोष द्यायचा? तरी खात्री म्हणून स्विचचं सॉकेट काढून दोन टोकं तारेने जोडली. पंखा लगेच फिरला. म्हणजे पंखा ठीक, आणि सिग्नलला गाडी तापतच नव्हती, तेव्हा स्विचचे पैसे फुकट गेले होते.

नंतर पाणी कमी का होतं ते पाहिलं. सकाळी थंड गाडीचं टोपण उघडलं तर रेडिएटर अर्धा लिटर तरी रिकामा, आणि शेजारची डबी मात्र खुणेपर्यंत भरलेली! टोपणात दोन व्हॉल्व असतात. गरम झाल्यावर वाढलेलं पाणी एक डबीत सोडतो, थंड झाल्यावर दुसरा तेच पाणी परत ओढून घेतो. आमचं पाणी जात होतं पण येत नव्हतं. टोपण नवीन होतं, मग संशय गेला रेडिएटरच्या मानेपासून डबीपर्यंत जाणाऱ्या बोटभर जाडीच्या नळीवर. चोवीस वर्षांचं ते रबर क्लिपजवळ चिरलं होतं. थंड होताना रेडिएटर त्या चिरेतून हवा ओढायचा, पाणी नाही. आणि नाना रोज सकाळी भरलेली डबी पाहून निश्चिंत व्हायचे. चाळीस रुपयांची नळी. ती बदलल्यावर पाणी कमी होणं थांबलं, पण ऐंशीच्या वर काटा चढणं काही थांबलं नाही. दोन बिघाड एकाच गाडीत असू शकतात, हे मला पटायला दोन दिवस गेले.

हेड गॅस्केटची भीती डोक्यातून काढायची होती. थंड इंजिन टोपण उघडं ठेवून चालू केलं आणि पाण्याकडे बघत उभा राहिलो. गॅस्केट फुटलेलं असेल तर सिलिंडरमधला धूर पाण्यात शिरतो आणि बुडबुडे थांबायचं नाव घेत नाहीत. रेडिएटरचा वरचा होज पाइप तर इंजिन गरम होण्याआधीच दगडासारखा कडक होतो. आमच्याकडे सुरुवातीला दोन-चार बुडबुडे आले, अडकलेली हवा असावी, मग पाणी शांत. ऑइलची कांडी स्वच्छ. ऑइल भरायच्या टोपणाखाली मात्र पिवळसर साय दिसली, ऑइलमध्ये पाणी मिसळलं की दिसते तशी, आणि पोटात गोळा आला. पण जुलै होता आणि गाडी आठवडाभर फक्त भाजी आणायला फिरली होती. दमट हवेत इंजिन पुरतं तापलंच नाही तर अशी साय धरते, त्यातून आमचा थर्मोस्टॅटही काढलेला. फडक्याने पुसली आणि लांबची एक फेरी मारली, परत आली नाही. ओळखीच्या गॅरेजात तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून घेतलं, तिन्ही जवळजवळ सारखे. प्लगही तिन्ही एकाच रंगाचे. सिलिंडरमध्ये पाणी शिरत असेल तर तो प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो. आठ-दहा हजारांचं काम त्या दिवशी वहीत खोडलं.

मग नवा थर्मोस्टॅट आणला, ८२ अंशांचा. नवा म्हणून तसाच बसवावा एवढा विश्वास आता कशावरच उरला नव्हता. रविवारी सकाळी स्वयंपाकघरात छोट्या पातेल्यात पाणी ठेवलं, थर्मोस्टॅट दोऱ्याने मध्ये लोंबत ठेवला, तळाला टेकू द्यायचा नाही, कारण तळ पाण्यापेक्षा गरम असतो. मुलाच्या प्रयोगवहीसाठी आणलेला थर्मामीटर सोबत. "त्या पातेल्यात मी दूध तापवते," असं ही म्हणाली. त्या पातेल्यात दूध आता कोणी तापवत नाही. ऐंशीपर्यंत काहीच नाही. ८३ला तबकडी एका बाजूने केसभर उचलली आणि पंचाण्णवच्या सुमाराला पूर्ण उघडली. गॅस बंद केल्यावर मिटायलाही लागली. मुलाने तीनदा करून पाहिलं.

हा व्हॉल्व काढून टाकण्याबद्दल थोडं बोललंच पाहिजे, कारण आपल्याकडे कित्येक जुन्या गाड्यांतून तो गायब असतो. तो सुरुवातीला पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणून इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. काढला की इंजिन बराच वेळ थंड धावतं, पेट्रोल जास्त खातं, ऑइल नीट तापत नाही, झीज वाढते. काही इंजिनांत हाच व्हॉल्व गरम झाल्यावर आतल्या आत फिरणारी पाण्याची आडवाट बंद करतो. तिथे तो काढला तर गरम पाण्यातला काही भाग रेडिएटरला न भेटताच इंजिनात परत जातो, म्हणजे थंड करायला काढलेला व्हॉल्व गाडी आणखी तापवतो. "व्हॉल्व नसला की पाणी इतकं जोरात पळतं की थंड व्हायला वेळच मिळत नाही," हेही गॅरेजात नेहमी ऐकू येतं. ते मला पटत नाही. पाणी तेच असतं, फेऱ्या जास्त होतात इतकंच. आमच्या मिस्त्रीच्या उपायात खरी गोम वेगळी होती. शहरात काटा तळाला गेल्यामुळे मूळ दुखणं महिनाभर झाकलं गेलं.

बसवताना त्यातलं बारीक भोक वरच्या बाजूला ठेवलं, अडकलेली हवा तिथूनच बाहेर पडते.

आता उरला प्रवाह. त्यासाठी लांबून तापमान मोजायची गन आणली. कोविडच्या काळात सोसायटीच्या गेटवर कपाळाला लावायचे ती नव्हे, ती चाळिशीच्या पुढे जेमतेम जाते. वर्कशॉपवाली, बाराशे रुपयांची. सुरुवातीला तिचे आकडे वेड्यासारखे यायचे. चकचकीत ॲल्युमिनियमवर रोखली की पन्नास, शेजारच्या रबरावर नव्वद. चकचकीत धातू स्वतःची उष्णता कमी फेकतो आणि आजूबाजूची परतवतो, म्हणून गन फसते. उपाय सोपा निघाला : जिथे मोजायचं तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवायची.

कात्रजचा जुना घाट चढून वर गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं आणि मोजलं. रेडिएटरमध्ये जाणारा वरचा पाइप १०४. रेडिएटरमधून निघणारा खालचा ५८. पहिल्या क्षणी मला आनंदच झाला, रेडिएटर किती छान थंड करतोय म्हणून. काटा खाली आल्यावर झालो होतो तसाच खूश. मग लक्षात आलं की पाणी भरपूर वाहत असतं तर इतका फरक पडलाच नसता. दहा-पंधरा अंशांचा फरक समजण्यासारखा आहे, सेहेचाळीसचा नाही. थोडंसंच पाणी रेंगाळत जात होतं, ते मस्त थंड होत होतं, आणि बाकीचं इंजिनात उकळत होतं.

गन रेडिएटरच्या अंगावरून फिरवली. वरचा भाग नव्वदच्या आसपास, आणि खाली उजवीकडे साधारण एक तृतीयांश भाग चाळीस. दुपारची हवाच तेव्हा तीसच्या पुढे होती. तिथे गरम पाणी पोचतच नव्हतं.

तरी एक प्रश्न राहत होता. रेडिएटर तुंबलेला असेल तर कायमच तुंबलेला असणार, मग सिग्नलला गाडी शहाण्यासारखी का वागते? थोडं उत्तर असं की उभ्या गाडीत इंजिन उष्णताच कमी तयार करतं, उरलेला रेडिएटर तेवढ्याला पुरतो. पण पन्नास आणि ऐंशीत इतका टोकाचा फरक मला कळेना. ते कोडं मुलामुळे सुटलं. दुसऱ्या दिवशी गाडी जरा कोमट असताना मी बॉनेटमध्ये डोकं घातलं होतं आणि त्याला गाडीत बसवून ॲक्सिलरेटर दाबायला लावला होता. "जोरात दाबू?" म्हणून त्याने दाबला, आणि माझ्या डोळ्यांदेखत खालचा होज पाइप चपटा झाला. उसाचं चिपाड चरकातून निघावं तसा. पाय सोडला की परत गोल. पुन्हा दाबला, पुन्हा चपटा. मी त्याला दहा वेळा दाबायला लावलं.

खालचा पाइप पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. इंजिनाचे फेरे वाढले की पंप जोरात ओढतो, आणि रेडिएटर तुंबलेला असल्यामुळे पुढून पाणी येत नाही. मग पाइपच आत ओढला जातो आणि उरलीसुरली वाटही बंद. तो चपटा होऊ नये म्हणून कित्येक पाइपांत आत स्प्रिंग असते. आमचा चार वर्षांपूर्वी बदललेला, मीच स्वस्तातला आणून दिलेला, आत काही नाही आणि रबर ओल्या चपलेसारखं मऊ. गाडी जितकी पळवावी तितकं पाणी कमी. वहीतली प्रत्येक ओळ त्या चपट्या पाइपाने एका झटक्यात समजावली.

रेडिएटर उतरवून नाना पेठेत नेला. तिथले चाचा चाळीस वर्षं हेच करतात. त्यांनी खालचं तोंड हाताने दाबून रेडिएटर पाण्याने भरला आणि हात काढला. चांगला रेडिएटर भसकन रिकामा होतो, म्हणाले. आमचा नळाच्या गळतीसारखा टिपकत राहिला. मग गॅसच्या ज्योतीने डाग (सोल्डरचा जोड) सोडवून वरची टाकी उघडली. आतल्या चपट्या नळ्यांची तोंडं दिसायला हवीत तिथे पांढरट-तपकिरी खडूसारखा थर. त्यांनी नखाने एक तुकडा काढला, बोटांत चुरला आणि वर न बघता विचारलं, "बोअरचं पाणी पाजता ना गाडीला?"

धनकवडीत आमच्या इमारतीला बोअरचंच पाणी आहे. आमचे गिझर दोन वर्षांत जातात, नळाच्या जाळ्या दर महिन्याला व्हिनेगरमध्ये ठेवाव्या लागतात. तेच पाणी नाना चोवीस वर्षं बाटलीने रेडिएटरमध्ये घालत होते. पाणी उडून जातं, क्षार राहतात, वरून पुन्हा नवं पाणी, पुन्हा नवे क्षार. कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं तयार द्रव) मी भरून घेतला होता दोनदा, पण त्यात भर पडायची ती बाटलीचीच. मी चाचांना खरं सांगितलं. ते हसले, म्हणाले, "सगळेच पाजतात. म्हणून तर आमची चूल पेटते."

पातळ पट्टीचा रॉड प्रत्येक नळीतून आरपार घालत त्यांनी दीड तास काम केलं. दोन नळ्या सडल्या होत्या, त्या बंद करून टाकल्या. टाकी परत डागली, हवा भरून हौदात बुडवून बुडबुडे पाहिले. साडेचौदाशे रुपये. मी थांबून पाहिलं, कारण अशी कामं करणारी माणसं आता कमी होत चाललीत. नव्या गाड्यांचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे, टाक्या प्लास्टिकच्या, त्यांत रॉड मारता येत नाही. ते बिघडले की सरळ बदलायचे.

पाण्याचा पंप मात्र ठीक होता. गळतीच्या भोकाखाली डाग नाही, पुलीला खुळखुळ नाही. तो तसाच ठेवला. बेल्ट उगाच बदलला.

बागेच्या पाइपाने इंजिन आतून, उलट्या दिशेने धुतलं. पहिली दहा मिनिटं चहा, मग ताक, मग पाणी. स्प्रिंगचा होज पाइप घातला. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं मिसळून भरलं. हवा काढण्यासाठी गाडीचं नाक सोसायटीच्या उतारावर वर करून ठेवलं, टोपण उघडं, इंजिन चालू. बराच वेळ काही होत नाही, मग थर्मोस्टॅट उघडतो, वरचा पाइप हाताला एकदम चटका देतो आणि रेडिएटरमधली पातळी गुळगुळ करत खाली जाते. तेवढं भरायचं. तीनदा भरावं लागलं. मग टोपण. पुन्हा गनने मोजलं : वर ९१, खाली ७९.

ऑगस्टमध्ये गावी निघालो. महामार्गाला लागलो, ऐंशी धरली आणि काटा मधल्या खुणेच्या किंचित खाली येऊन थांबला. शिरवळ गेलं, खंडाळा गेलं, काटा तिथेच. खंबाटकीचा चढ लागला तरी तिथेच. मी आरशात पाहिलं तर नाना पुढे वाकून डॅशबोर्डकडे टक लावून बसले होते. शहरात दोन महिने त्यांनी काटा तळालाच पाहिला होता.

"वर आलाय की रे," ते म्हणाले. "थांबव."

"नाना, तो तिथेच असायला पाहिजे. आता व्हॉल्व बसवलाय."

"थांबव म्हणतो ना."

माथ्यावर थांबवली. नानांनी बॉनेट उघडलं, टोपणाकडे गेलेला हात माझ्याकडे बघून मागे घेतला, आणि डबीत डोकावले. खुणेवर. मग रेडिएटरपासून निघणाऱ्या नव्या नळीला दोन बोटांनी चाचपलं, क्लिप हलवून पाहिली. मांडीवरून उतरवलेली बोअरच्या पाण्याची बाटली त्यांच्या दुसऱ्या हातात होती. थोडा वेळ ती तशीच धरून उभे राहिले, मग झाकण काढून अर्धी स्वतः प्यायले आणि उरलेली मुलाकडे दिली.

"खारट आहे," मुलगा म्हणाला.

"चोवीस वर्षं काही बोलली नाही ती," नाना म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.